बियाला ऊब

वालाचे बिरडे आपल्याकडे घरोघरी होते. वाल भिजत घालतात. मग पाणी काढून टाकतात आणि वाल ओल्या फडक्यात बांधून ठेवतात. उन्हाळ्यात एका रात्रीत मोड फुटतात. पौष महिन्यात मात्र तेच वाल दोन दोन दिवस तसेच बसून राहतात. मग घरातली आजी काय करते? गाठोडे चुलीच्या उबेला ठेवते, नाहीतर जुन्या गोधडीत गुंडाळते. मोड येतात.

आजीला ही विद्या कोणी शाळेत शिकवली नाही. पण आजचा सारा धडा तिच्या या गाठोड्यात आहे. आपण तोच उपाय मिरची, वांगी, टोमॅटो, दुधी आणि कारली यांच्या बियाण्याला लावणार आहोत.

बी म्हणजे काय?

बी सुके दिसते, पण मेलेले नसते. त्याच्या पोटात एक इवलासा कोंब झोपलेला असतो. त्याच्या शेजारी त्याची शिदोरी बांधलेली असते. कोंब जागा व्हायला तीन गोष्टी लागतात: पाणी, हवा आणि ऊब.

पाण्याने बी फुगते. हवेने ते श्वास घेते. उबेने कोंबाला चालना मिळते आणि तो शिदोरी खाऊ लागतो. तिन्हींपैकी एक जरी कमी पडली तरी काम अडते. पाणी फार झाले तर हवा मिळत नाही आणि बी कुजते. ऊब कमी पडली तर बी ओल्या मातीत नुसते पडून राहते. तेवढ्यात बुरशी धरते, मुंग्या बी पळवतात.

कोंबडी अंड्यावर बसली नाही तर पिल्लू होत नाही. थंडीत विरजण लवकर लागत नाही. बियाचेही तसेच आहे.

आपल्याकडची थंडी

तुम्ही म्हणाल, "गुरुजी, आपल्याकडे कुठे बर्फ पडतो?" बर्फ पडत नाही, हे खरे. पण मुंबईला समुद्राची ऊब मिळते, तशी आपल्याला मिळत नाही. बदलापूर, अंबरनाथ हा भाग समुद्रापासून आत आहे. उल्हास आणि बारवी या नद्यांच्या काठी थंडीत पहाटे धुके साचते. पौषात रात्री पारा कधी कधी १२ अंशांच्या आसपास उतरतो.

आता बियाला किती ऊब लागते ते पाहा. आपल्या अंगाची ऊब सुमारे ३७ अंश असते. हे लक्षात ठेवले म्हणजे पुढचे आकडे समजतील.

मिरची, वांगी, टोमॅटो: २५ ते ३० अंश.
दुधी, कारली, काकडी, पडवळ: २८ ते ३२ अंश.

म्हणजे बियाला आपल्या अंगापेक्षा थोडी कमी ऊब हवी असते. ती मिळाली तर मिरची ८ ते १० दिवसांत वर येते. गार वाफ्यात तीच मिरची तीन तीन आठवडे लावते, आणि पुष्कळ बी वर येतच नाही.

यात आपले काय जाते?

म्हारळ, वरप, कांबा, मांगरूळ, कासगाव, चामटोली या बाजूच्या शेतकऱ्याला मोठी बाजारपेठ जवळ आहे. उल्हासनगर, कल्याण, अंबरनाथ येथे रोज भाजी लागते. ज्याची भाजी आधी बाजारात जाते, त्याला चार पैसे जास्त मिळतात. म्हणून भात निघाले की उन्हाळी भाजीच्या रोपाची घाई असते. आणि नेमकी तेव्हाच थंडी असते.

समजा, एका शेतकऱ्याने संकरित मिरचीचे १० ग्रॅमचे पाकीट आणले. त्याला काही शे रुपये पडले. मार्गशीर्षात त्याने उघड्या वाफ्यात बी टाकले. पंधरा दिवस झाले, वाफा काळाच्या काळा. बायको म्हणाली, "अहो, दुकानदाराने फसवलं तुम्हाला." शेतकरी दुकानात जाऊन भांडला. उधारीवर दुसरे पाकीट आणले. तेही त्याच गार वाफ्यात टाकले.

दोष कोणाचा? बियाण्याचा की थंडीचा? हे त्याला सांगता येत नाही, कारण त्याने आधी पाहिलेच नाही. दोन पाकिटांचे पैसे गेले, महिना गेला आणि उधारी राहिली. बी आधी घरात उबेला ठेवले असते, तर आठ-दहा दिवसांत खरे काय ते कळले असते.

आधी पाकीट वाचा

आता तुम्हाला वाचता येते. त्याचा पहिला उपयोग इथे करा. १९६६ साली बियाण्यांचा कायदा झाला. त्या कायद्याने पाकिटावर किंवा त्याच्या चिठ्ठीवर माहिती छापणे भाग पडले. चार गोष्टी बोट ठेवून वाचा:

१. पिकाचे आणि वाणाचे नाव.
२. उगवणशक्ती. १०० पैकी निदान किती बिया उगवतील, तो आकडा.
३. तपासणीची तारीख आणि मुदत संपण्याची तारीख.
४. लॉट नंबर.

मुदत संपली असेल तर पाकीट घेऊ नका. पक्की पावती मागा. पावतीवर लॉट नंबर लिहून घ्या. बी उगवून येईपर्यंत पावती आणि रिकामे पाकीट जपून ठेवा.

सगळ्या पिकांची उगवणशक्ती सारखी नसते. मिरची, दुधी, कारली यांच्या १०० पैकी निदान ६० बिया उगवाव्यात. भेंडीच्या ६५, वांगी आणि टोमॅटोच्या ७०. म्हणून मिरचीच्या १०० पैकी ६५ बिया उगवल्या, तर कोणी फसवले असे म्हणू नका.

उबेची पेटी

मासळीवाल्यांकडे थर्माकोलच्या जुन्या पेट्या असतात. तशी एक झाकणाची पेटी आणा. साबणाने धुऊन उन्हात वाळवा. झाकणाला बोट जाईल एवढी दोन भोके पाडा. हवा खेळली पाहिजे.

पेटीच्या तळाशी दोन बाजूंना दोन विटा ठेवा. मधल्या जागेत गरम पाण्याच्या दोन बाटल्या आडव्या ठेवा. पाणी हाताला सोसेल इतकेच गरम असू द्या. उकळते पाणी ओतले तर बाटली वाकते आणि बीही भाजते. विटांवर रोपांचा ट्रे ठेवा. ट्रे मोठा असेल तर पेटीत बसेल एवढा कापून घ्या. झाकण लावा. रात्री निजताना आणि पहाटे उठल्यावर बाटल्यांतले पाणी बदला. दिवसा पेटी घरात, वाऱ्यापासून आडोशाला ठेवा.

पेटी चुलीला खेटून ठेवू नका. थर्माकोल चटकन पेट घेतो. घरात लहान मुले असतात.

ट्रेमध्ये नारळाच्या काथ्याचा भुसा भरा. दुकानात त्याला कोकोपीट म्हणतात. तो ओला करून मुठीत दाबा. बोटांतून एक-दोन थेंब गळाले म्हणजे ओल बरोबर आहे. पाण्याची धार लागली तर ओल जास्त झाली. प्रत्येक खान्यात एक बी टाका. मिरची-वांग्याचे बी अर्ध्या बोटाच्या पेराएवढे खोल पुरे.

जास्त रोपे करायची असतील तर

एका पेटीत फार रोपे मावत नाहीत. रोपवाटिकेत काय करतात ते पाहा. बी टाकलेले ट्रे एकावर एक रचतात आणि त्यांवर प्लॅस्टिकचा कागद झाकतात. आतली ओल आणि ऊब आतच राहते. कोंब दिसू लागले की ट्रे सुटे करून उजेडात मांडतात. हे तुम्हाला घराच्या पडवीतही करता येईल.

गोठा असेल तर आणखी एक उपाय आहे. ताजे शेण आणि पेंढा मिसळून गुडघाभर उंच, दोन हात रुंद ढीग करा. शेण कुजताना तापते. पहिले काही दिवस ढिगाच्या पोटात ५०-६० अंशांपर्यंत उष्णता होऊ शकते. एवढ्या उष्णतेत बी मरते. म्हणून घाई करू नका. चार-पाच दिवसांनी एक लोखंडी सळई ढिगात खुपसा. दहा मिनिटांनी काढून हातात धरा. चटका बसला तर अजून थांबा. सळई नुसती कोमट लागली की ढिगावर चार बोटे मातीचा थर द्या आणि त्यावर ट्रे मांडा. वरून गोणपाट झाका.

ही युक्ती जुनी आहे. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी पॅरिस शहराच्या कडेला राहणारे माळी हेच करीत. शहरात घोडागाड्या फार. त्यांची लीद ते वाफ्याखाली घालीत, वर काचेची झाकणे ठेवीत आणि कडाक्याच्या थंडीत भाजी पिकवून शहरात विकीत. आपणही मोठ्या शहराच्या कडेचेच शेतकरी आहोत.

हल्ली ट्रेखाली घालायची विजेची गादीही मिळते. घ्यायची असेल तर ऊब आपोआप राखणारा खटका असलेलीच घ्या. ओल्या हाताने तिला शिवू नका. वीज गेली तर उपयोग होत नाही, म्हणून बाटल्या हाताशी ठेवा.

दुधी, कारली, पडवळ

या बिया मोठ्या आणि जाड सालीच्या. त्या रात्रभर कोमट पाण्यात भिजवा. कारल्याचे बी पूर्ण दिवस भिजवा. मग वालासारखेच ओल्या फडक्यात बांधा आणि उबेच्या पेटीत ठेवा. फडके घट्ट आवळू नका. रोज एकदा उघडून पाहा. फडके सुकले असेल तर पाणी शिंपडा. पांढरे टोक दिसले की ते बी लगेच मातीच्या पिशवीत लावा. मोड लांब होऊ दिला तर लावताना मोडतो.

एक मोठी सूचना. पुष्कळ पाकिटांतले बी लाल, निळे किंवा हिरवे असते. ते औषध लावलेले बी असते. ते भिजवू नका, औषध धुऊन जाते. ते सरळ ट्रेमध्ये टाका. त्याला स्वयंपाकाचे भांडे लावू नका. नंतर हात साबणाने धुवा. उरलेले बी मुलांच्या आणि कोंबड्यांच्या हाती-तोंडी लागू देऊ नका.

मोजा आणि लिहा

सगळे पाकीट एकदम संपवू नका. आधी २० बिया उबेच्या पेटीत टाका. वहीत तारीख लिहा. रोज पाहा. ठरलेल्या दिवसांनंतर उगवलेली रोपे मोजा आणि त्या आकड्याला ५ ने गुणा.

समजा, मिरचीची १४ रोपे आली. १४ गुणिले ५ म्हणजे ७०. शंभरात ७०. बी चांगले आहे. बाकीचे बेधडक टाका. आलेली १४ रोपेही वाया गेली नाहीत, ती लावायचीच आहेत.

समजा, ५ च रोपे आली. ५ गुणिले ५ म्हणजे २५. ऊब दिली, ओल दिली, तरी एवढीच आली. मग बियाण्यात खोट असण्याचा संभव आहे. पुन्हा एकदा २० बिया टाकून खात्री करा. तरीही तसेच झाले तर पावती, पाकीट, उरलेले बी आणि ही वही घेऊन तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्या. तोंडी तक्रार वाऱ्यावर जाते. लिहिलेला कागद टिकतो.

कोंब आल्यावर

कोंब दिसला की त्याच दिवशी ट्रे पेटीतून बाहेर काढा. आता त्याला उजेड हवा. अंधारात ठेवलेले रोप लांब, पांढरे आणि अशक्त होते, आणि मान टाकते. पहिले काही दिवस ट्रे दिवसा कोवळ्या उन्हात आणि रात्री पडवीत ठेवा. पुढे हळूहळू बाहेरची सवय लावा. दुधी-कारल्याची रोपे १५ ते २० दिवसांत, मिरची, वांगी, टोमॅटोची रोपे साधारण ३० ते ४५ दिवसांत लावायला येतात. तोवर रात्रीची थंडीही ओसरू लागते.

प्रश्न

१. बियाला जागे व्हायला कोणत्या तीन गोष्टी लागतात?
२. ताज्या शेणाच्या ढिगावर लगेच ट्रे का ठेवू नये?
३. २० बियांपैकी १३ उगवल्या. शंभरात किती झाल्या?
४. घरातले बियाण्याचे एक पाकीट घ्या. त्यावरची मुदतीची तारीख वहीत लिहा.

नवे शब्द

उगवणशक्ती: शंभर बियांतल्या किती उगवतात, तो आकडा.
संकरित: दोन वेगळ्या वाणांपासून तयार केलेले.
मुदत: ठरवून दिलेला काळ.

वहीत तीनदा लिहा

आधी वीस बिया उबेला, मग बाकीच्या वाफ्याला.