सौर पॅनेल व इन्व्हर्टर यांचें प्रमाण

उमरेडची ख्याति कोळशाच्या खाणींमुळें झाली. आतां येथें छपरांवरही वीज निर्माण होते. पॅनेलची वीज एकदिश असते. इन्व्हर्टर ती प्रत्यावर्ती करून महावितरणच्या तारांत सोडतो. मग ५ किलोवॅटच्या पॅनेलांस ५ किलोवॅटचाच इन्व्हर्टर हवा काय?

विद्यार्थिमित्रांनो, हिशेब करूं. पॅनेलवर छापलेला आंकडा २५ अंश उष्णतामानाचा असतो. वैशाखांतील उन्हांत पॅनेल ६५ अंशांपर्यंत सहज तापतें. दर अंशास शक्ति सुमारें ०.४ टक्के घटते. ४० अंशांस १६ टक्के. उरली ४.२ किलोवॅट! धुळीनें होणारी घट निराळीच. म्हणून ४ किलोवॅटचा इन्व्हर्टर बहुधा पुरतो. एखाद्या निरभ्र, थंड दुपारीं शक्ति अधिक झाल्यास तो जादा भाग घेत नाहीं, इतकेंच, हानि अल्प.

विद्युत्-दाबाची गोष्ट मात्र वेगळी. थंडींत पॅनेलचा दाब वाढतो, व इन्व्हर्टरची दाबमर्यादा ओलांडल्यास यंत्रच बिघडतें. यास्तव एका माळेंत किती पॅनेलें जोडावीं, हें पौषांतील सूर्योदयाच्या थंडीवरून ठरवावें. शक्तीचा हिशेब उन्हाळ्यावरून, दाबाचा हिवाळ्यावरून. दोन्ही केल्यावांचून खरेदी करूं नये.