राउटरचे कुलूप किती पक्के?

तुमच्या घरी वाय-फायचा राउटर असेल, तर मोठ्यांना विचारून तो एकदा उलटा करून पहा. त्याच्या पाठीवर एक लहानशी चिठ्ठी चिकटवलेली आढळेल. तीवर वाय-फायचे नाव व पासवर्ड असतो आणि पुष्कळ राउटरांवर ‘डब्ल्यूपीएस पिन’ या नावाने एक आठ आकडी संख्याही छापलेली असते. लांबलचक पासवर्ड टाइप करण्याचा त्रास वाचावा म्हणून ही सोय निघाली. जो ही संख्या बरोबर सांगेल त्याला राउटर आपण होऊन पासवर्ड देऊन टाकतो. आता प्रश्न असा की, चिठ्ठी न पाहता, केवळ एकामागून एक संख्या देऊन ही किल्ली शोधणे कितपत अवघड आहे?

वहीत मांडून पाहू या. आठ जागा आणि प्रत्येक जागी ० ते ९ यांपैकी कोणताही आकडा. म्हणजे एकूण १० कोटी संख्या झाल्या. एक संख्या देऊन पाहण्यास तीन सेकंद लागतात असे समजा. सगळ्या संपवण्यास ३० कोटी सेकंद, म्हणजे सुमारे साडेनऊ वर्षे लागतील. इतकी वर्षे तुमच्या जिन्यात लॅपटॉप घेऊन कोण बसणार?

पण आठवा आकडा स्वतंत्र नसतो. तो आधीच्या सातांवरून ठरतो. पहिला, तिसरा, पाचवा व सातवा आकडा यांच्या बेरजेची तिप्पट करा. तीत दुसरा, चौथा व सहावा मिळवा. आता आठवा आकडा असा घ्यायचा की एकूण बेरजेला १० ने पूर्ण भाग जावा. उदाहरणार्थ १२३४५६७ घेतले, तर ४८ अधिक १२ बरोबर ६०, म्हणून आठवा आकडा ०. आधार क्रमांकाचा शेवटचा आकडाही असाच पडताळ्याचा असतो, मात्र तो काढण्याची रीत निराळी आहे. तुमच्या राउटरवरील संख्येला हा नियम लागू पडतो का, ते स्वतः करून पहा. एक आकडा गेल्यावर उरल्या १ कोटी संख्या. त्यांना ३४७ दिवस पुरतात. तरीही हे कुलूप बरे म्हणता येईल.

खरी गोम पुढेच आहे. ती २०११ च्या डिसेंबरात श्टेफान फीबॉक या संशोधकाने उघड केली. राउटर आठही आकडे एकदम तपासत नाही. आधी तो पहिले चार तपासतो आणि ते चुकले तर तेथेच नकार देतो. त्यामुळे पहिला अर्धा भाग बरोबर आला की नाही, हे बाहेरच्याला लगेच कळते. सायकलच्या आकडी कुलपाची पहिली चकती बरोबर जागी येताच ‘खट्’ आवाज करू लागली, तर ते कुलूप किती वेळ टिकेल? पहिल्या चार आकड्यांसाठी फार तर १०,००० प्रयत्न. उरलेल्या तीन स्वतंत्र आकड्यांसाठी १,०००. त्यांचा गुणाकार होत नाही, बेरीज होते: ११,०००! तीन सेकंदांच्या हिशेबाने सव्वानऊ तासांच्या आतच काम संपले. शाळेत क्रमपर्याय शिकवताना शिक्षकांनी हे उदाहरण जरूर घ्यावे. गुणाकार व बेरीज यांतील फरक इतका झोंबणारा क्वचितच दिसतो. तुमचा पासवर्ड कितीही मोठा असो, या वाटेने येणाऱ्याला त्याची अडचण होत नाही. नंतरचे बरेच राउटर काही चुकांनंतर थोडा वेळ गप्प बसतात, पण मला विचाराल तर ही सोय बंदच करावी.

ती कशी करायची? लिनक्सवर टर्मिनल उघडा. इंग्रजीत आय आणि पी ही अक्षरे, मग एक मोकळी जागा, मग आर, असे लिहून एन्टर दाबा. पहिल्याच ओळीत बहुधा १९२.१६८.१.१ सारखा पत्ता दिसेल, तो राउटरचा. तोच ब्राउझरमध्ये लिहिला की राउटरचे पान उघडते. तेथे डब्ल्यूपीएस बंद करा आणि त्या पानाचा पासवर्डही बदला. कारखान्यातून आलेले पासवर्ड जगाला ठाऊक असतात. २०१६ साली ‘मिराई’ या उपद्रवी प्रोग्रॅमने असे साठ-एक ठरीव पासवर्ड वापरून जगभरचे लाखो कॅमेरे व राउटर ताब्यात घेतले होते. मात्र हे सारे प्रयोग आपल्याच राउटरवर. दुसऱ्याच्या जाळ्यात परवानगीवाचून शिरणे हा २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने गुन्हा आहे.

आता लॅपटॉपकडे वळू. ‘लिनक्स आहे, काळजी नको’ असे पुष्कळजण म्हणतात. मीही म्हणत असे. ऑक्टोबर २०१७ मध्ये मॅथी व्हानहूफ यांनी वाय-फायच्या डब्ल्यूपीए-२ पद्धतीतील एक दोष दाखवला. जवळपासच्या हल्लेखोराने जोडणीतील एक संदेश पुन्हा पाठवला, की यंत्र जुनीच किल्ली पुन्हा बसवी. लिनक्सवरील वाय-फाय जोडणाऱ्या एका प्रोग्रॅमच्या त्या वेळच्या आवृत्त्या तर सगळी शून्ये असलेली किल्ली बसवीत! दुरुस्ती लगेच निघाली, पण ती मिळाली अद्ययावत करणाऱ्यांनाच. म्हणून अपडेटची सूचना ‘उद्या पाहू’ म्हणून ढकलू नका.

घरी राउटर बाहेरच्यांना सहसा थेट लॅपटॉपपर्यंत येऊ देत नाही. महाविद्यालयात किंवा स्टेशनवर हा पहारेकरी बरोबर नसतो. टर्मिनलमध्ये दोन वेळा एस, मोकळी जागा, आडवी रेघ व तिला लागून टी, एल, एन ही अक्षरे लिहा, सगळी लहान लिपीत. तुमच्या यंत्राची उघडी दारे दिसतील. ज्या पत्त्याची सुरुवात १२७ ने होते ते दार घरातल्या घरात उघडते, ०.०.०.० असेल तर बाहेरचाही ठोठावू शकतो. उबुंटूत यूएफडब्ल्यू नावाची फायरवॉल असते, पण ती आपण सुरू करावी लागते.

लॅपटॉपच चोरीला गेला तर लॉगिनचा पासवर्ड उपयोगी पडत नाही. चोर पेनड्राइव्हवरून दुसरे लिनक्स सुरू करतो आणि डिस्क वाचतो. लिनक्स बसवतानाच पूर्ण डिस्क सांकेतिक करण्याचा पर्याय निवडला, तर त्याला निरर्थक अक्षरेच दिसतील. मात्र तो पासवर्ड विसरलात तर तुम्हालाही तीच दिसतील. तेव्हा आधी महत्त्वाच्या फायलींची प्रत दुसरीकडे काढून ठेवा.