न समजलेलीं अक्षरें

परभाषेचीं अक्षरें डोळ्यांस सुंदर दिसलीं, एवढ्यावरून तीं चारचौघांत मांडावींत काय? एका नामांकित संस्थेस या हौसेपायीं लाज सोसावी लागली.

जर्मनींतील माक्स प्लांक सोसायटी ही शास्त्रीय संशोधनाची थोर संस्था आहे. इ. स. २००८ च्या अखेरीस तिनें आपल्या नियतकालिकाचा चीनविषयक खास अंक काढिला व मुखपृष्ठावर चिनी अक्षरांचा एक सुबक उतारा छापिला. चिनी वाचकांनीं तो वाचला, तेव्हां उघड झालें कीं, ती एका नाचघराची निर्लज्ज जाहिरात होती! संस्थेनें एका जाणकारास आधीं विचारलेंही होतें; परंतु शब्दांतील गर्भित अर्थ परक्याच्या ध्यानीं आला नाहीं. संस्थेनें क्षमा मागितली आणि इंग्रजी आवृत्तीवर येशूसंघीय पाद्री योहान श्रेक यांच्या १६२७ सालच्या चिनी यंत्रग्रंथाचें नांव घातलें. या पाद्र्यांनीं चीनमध्यें राहून ती भाषा कष्टानें आत्मसात केली होती व वांग चेंग या चिनी ख्रिस्ती पंडिताच्या साह्यानें तो ग्रंथ सिद्ध केला होता.

आपल्याकडेही मुलें इंग्रजी वाक्यें छापलेले सदरे हौसेनें घालितात. अर्थ विचारावा तर पुष्कळदां उत्तर मिळत नाहीं. आपला मुलगा छातीवर शिवी मिरवीत हिंडावा, हें कोणत्या आईबापांस रुचेल? म्हणून विद्यार्थ्यांस आमचें सांगणें एवढेंच कीं, प्रथम कोश पाहावा. तेवढ्यानें शंका न फिटल्यास, ती भाषा ज्याच्या घरांत बोलली जाते त्यास विचारावें. विचारण्यांत कमीपणा नाहीं. न विचारतां मिरविण्यांत मात्र आहे.