वाङ्मय तप आणि बस्तरचा संवाद

श्रीमद्भगवद्गीतेच्या प्रत्येक अध्यायाच्या अखेरीस जी पुष्पिका येते, तीत या ग्रंथाला उपनिषद, ब्रह्मविद्या व योगशास्त्र म्हटले आहे. आणि त्याबरोबरच हा श्रीकृष्ण व अर्जुन यांचा संवाद आहे, असेही सांगितले आहे. अठराव्या अध्यायाच्या सत्तराव्या श्लोकात तर भगवंतांनी स्वमुखाने या संभाषणाला ‘धर्म्य संवाद’ असे नाव दिले. आज्ञा, शासन, उपदेश हे शब्द हाताशी असता संवाद हाच शब्द यावा, हे सहज घडलेले नाही. ज्याच्या ठायी आज्ञा करण्याचे सामर्थ्य आहे, तोच येथे प्रश्न ऐकून घेतो, शंकेला शंका म्हणून मान देतो, आणि सर्व सांगून झाल्यावर निर्णयाचा अधिकार मात्र श्रोत्याकडेच ठेवतो (18.63).

असा संवाद साधणारी वाणी कोणती, याचे लक्षण सतराव्या अध्यायाच्या पंधराव्या श्लोकात आहे. वाणी अनुद्वेगकर असावी, म्हणजे ऐकणाऱ्याचे अंतःकरण तिने होरपळू नये. ती सत्य असावी, प्रिय असावी व हितकर असावी. शिवाय तिच्या जोडीस स्वाध्यायाचा अभ्यास असावा. यास भगवंत वाङ्मय तप म्हणतात. येथे श्रीशंकराचार्यांनी एक सूक्ष्म गोष्ट दाखवली आहे. श्लोकातील ‘च’ हे अव्यय समुच्चयाचे आहे. म्हणून सत्य, प्रिय, हित व अनुद्वेगकर या चारही गुणांचा मेळ झाला तरच ते तप होय. यांपैकी एकाचीही उणीव असेल, तर उरलेले तीन असूनही ते तप ठरत नाही. बोचणारे सत्य हे तप नव्हे, गोड असत्य हेही नव्हे, आणि जे सत्य व प्रिय असूनही कोणाच्या हिताचे नाही, तेही नव्हे.

दहाव्या अध्यायातील बत्तिसाव्या श्लोकाने यात भर घातली आहे. वादविवाद करणाऱ्यांमध्ये आपण ‘वाद’ आहोत, असे भगवंत तेथे सांगतात. न्यायशास्त्रात कथेचे तीन प्रकार मानले आहेत. तत्त्वनिर्णयासाठी होतो तो वाद. केवळ जिंकण्यासाठी होतो तो जल्प. आणि स्वतःचा पक्ष न मांडता दुसऱ्याचा नुसता पाडाव करते ती वितंडा. तिन्हींत दोन माणसे बोलतच असतात. भेद हेतूचा आहे. म्हणून दोन पक्ष बोलायला बसले एवढ्यावरून संवाद झाला, असे मानता येत नाही.

येथे कोणी विचारील की, गीता तर रणभूमीवर सांगितली गेली आणि तिच्या श्रवणानंतर युद्धच झाले. मग तिच्यातून शांततेचा धडा कसा घ्यावा? या शंकेचे उत्तर भीष्मपर्वाच्या आधीच्या उद्योगपर्वात आहे. संजय शिष्टाई करून गेला. पांडवांची मागणी पाच गावांपर्यंत खाली आली. शेवटी प्रत्यक्ष श्रीकृष्ण हस्तिनापुरास गेले. दुर्योधन ऐकणार नाही, हे विदुराने त्यांना स्पष्ट बजावले होते. तरी आप्तांचे भांडण मिटविण्याचा सामर्थ्यानुसार यत्न न करणे हाच दोष आहे, या बुद्धीने ते गेले. फळाची खात्री नसताही संवाद हे कर्तव्यच राहते. कर्मयोगाचा सिद्धांत वाणीलाही लागू आहे.

आता हे लक्षण आपल्याच प्रांतातील एका दुःखाला लावून पाहू. रायपुराच्या दक्षिणेस बस्तरचे अरण्य आहे. तेथील गोंडी, हलबी व दोरली बोलणाऱ्या लोकांनी कित्येक दशके माओवादी व शासन यांच्यामधला सशस्त्र संघर्ष सोसला. 2005 साली दंतेवाडा भागात ‘सलवा जुडूम’ नावाची मोहीम उभी राहिली. तिचे नाव हिंदी-इंग्रजीत ‘शांतियात्रा’ असे फिरले. परंतु मूळ गोंडी शब्दांचा भाव शुद्धीसाठी केलेल्या सामूहिक शिकारीकडे झुकतो, असे अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. राजधानीतील वाचकाच्या कानी शांती पडली आणि अरण्यातील श्रोत्याच्या कानी शिकार. गावेच्या गावे ओस पडली, भाऊ भावाविरुद्ध उभा राहिला. आदिवासी तरुणांना विशेष पोलीस अधिकारी नेमून शस्त्रे देणे घटनाबाह्य आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 5 जुलै 2011 रोजी दिला. भाषांतराचे काम करणाऱ्याला यातून एक गोष्ट फार टोचते: प्रिय शब्द सत्यापासून सुटला की तो शस्त्राचे म्यान होतो.

21 एप्रिल 2012 रोजी सुकम्याचे जिल्हाधिकारी ॲलेक्स पॉल मेनन यांचे माओवाद्यांनी अपहरण केले. त्या वेळी त्यांच्या दोन अंगरक्षकांचा बळी गेला. यानंतर रायपुरात बोलणी झाली. माओवाद्यांनी सुचविलेले मध्यस्थ ब्रह्मदेव शर्मा व प्राध्यापक हरगोपाल हे होते. शासनाच्या बाजूने निर्मला बुच व एस. के. मिश्र हे होते. यांतील शर्मा हे एकेकाळी बस्तरचेच जिल्हाधिकारी होते, तर बुच व मिश्र हे माजी मुख्य सचिव. बाजू वेगळ्या असल्या तरी समोरचा काय म्हणतो आहे, हे समजण्याइतकी सामाईक भाषा त्यांच्यापाशी होती. समझोता झाला, आणि 3 मे रोजी मेनन सुखरूप परतले. तुरुंगात दीर्घकाळ खितपत पडलेल्या बंद्यांच्या प्रकरणांचा फेरविचार करण्यासाठी बुच यांच्या अध्यक्षतेखाली समितीही नेमली गेली. एका माणसाची सुटका हे प्रिय झाले; ज्यांची नावे कोणास ठाऊक नाहीत अशा बंद्यांची विचारपूस, हे हित होय. तथापि सगळा संघर्ष मिटविणारा संवाद त्यातून उभा राहिला नाही. पुढच्याच वर्षी, 25 मे 2013 रोजी, झीरम घाटीत मोठा रक्तपात झाला. संकटाच्या घटकेला सुचलेली वाणी ती घटका टळताच थांबते.

मग न थांबणारी वाणी कोठून येते? याचे उत्तर श्लोकाच्या शेवटच्या पदात, स्वाध्यायाभ्यासात, आहे. वाणीच्या तपात भगवंतांनी अभ्यास का घातला, हे समजण्यास मराठी वाचकाला एक जवळचे उदाहरण आहे. विनोबांच्या मातुःश्री रुक्मिणीबाई यांना संस्कृत गीता कळत नसे. त्या ओढीतून विनोबांनी 1930-31 मध्ये ‘गीताई’ रचली. 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात बंद्यांपुढे गीतेवर प्रवचने केली, ती साने गुरुजींनी टिपून घेतली. श्रोत्याच्या भाषेपर्यंत आपण चालत जाणे, हा अनुद्वेगकर वाणीचा पहिला अभ्यास होय.

विनोबांचे एक अनुयायी धर्मपाल सैनी यांनी 1976 साली बस्तरमधील डिमरापाल येथे आदिवासी मुलींसाठी आश्रम काढला. त्याचे नाव माता रुक्मिणी कन्या आश्रम. संस्कृत न जाणणाऱ्या त्या माउलीचे नाव अशा रीतीने अरण्यात गेले. मुलींना शिकविणे हेच सैनींचे काम होते. मध्यस्थी हा त्यांचा व्यवसाय नव्हता. 3 एप्रिल 2021 रोजी बिजापूर-सुकमा सीमेवर टेकुलगुड्याजवळ झालेल्या चकमकीत सुरक्षा दलांचे 22 जवान मारले गेले व एक जवान माओवाद्यांच्या हाती सापडला. त्याला आणण्यासाठी 8 एप्रिल रोजी जी मंडळी अरण्यात गेली, तीत नव्वदी ओलांडलेले सैनी होते, गोंडवाना समाजाचे तेलम बोरैया होते, आणि स्थानिक पत्रकार होते. शेकडो ग्रामस्थांच्या समक्ष तो जवान मोकळा झाला. त्या दिवशी सैनींनी उच्चारलेले शब्द थोडेच असतील. परंतु त्यांच्या पाठीशी पंचेचाळीस वर्षांचा वास होता. ज्याच्या शाळेत गावाच्या मुली वाढल्या, त्याचा शब्द गावाने तोलून घेतला नाही. सातत्याने केलेली सेवा हाच त्यांचा स्वाध्याय, आणि त्या एका दिवसाची वाणी हे त्याचे फळ.

15 ऑक्टोबर 2025 रोजी गडचिरोलीत मल्लोजुला वेणुगोपाल ऊर्फ भूपती यांनी साठ साथीदारांसह शस्त्रे खाली ठेवली. दोनच दिवसांनी जगदलपुरात 210 जणांनी तसेच केले. शस्त्र खाली ठेवण्यास एक दिवस पुरतो. परंतु परत आलेला तरुण आणि ज्या घरचा मुलगा मारला गेला ते घर, हे दोघे एकाच विहिरीवर पाणी भरणार आहेत. ओस गावातून गेलेला मनुष्य परतून आपली शेती मागणार आहे. खबऱ्या म्हणून ज्याच्यावर संशय घेतला गेला, त्याची बायको बाजारात भेटणार आहे. तेथे कोणता शब्द बोलायचा, हे कोणत्याही करारात लिहिलेले नसते. तेथे कोणी सत्य झाकून गोडवा पसरील, तर दुःख आत कुजेल. कोणी सत्य फेकून मारील, तर जखम पुन्हा उघडेल. खरा समझोता या गावांतील चावडीवर, गोंडीत व हलबीत व्हावयाचा आहे, आणि त्याला वर्षे लागतील.

साधकाने हा श्लोक केवळ पाठ करून ठेवू नये. घरातील वाटणीचा तंटा असो वा शेजाऱ्याशी अबोला असो, बोलण्यापूर्वी स्वतःस विचारावे: मी निर्णयासाठी बोलतो आहे की जिंकण्यासाठी? माझे बोलणे खरे आहे काय? ते समोरच्याच्या भाषेत आहे काय? त्याने कोणाचे भले होणार आहे? आणि हे बोलण्याचा अधिकार मी आधीच्या कोणत्या सेवेने मिळविला आहे? पहिल्या चार प्रश्नांची उत्तरे बोलताना देता येतील. पाचव्याचे उत्तर मात्र आजपासूनच तयार करावे लागते.