उकडा तांदूळ आणि कोंड्यातील ओरिझॅनॉल

तांदूळ उकडा आहे म्हणजे त्यात सर्व सत्त्व आलेच, अशी आपल्या फोंडा परिसरातील पालकांची समजूत असते. ती अर्धीच खरी आहे. भात उकडताना बाहेरच्या थरातील थायामिन पाण्याबरोबर दाण्याच्या गाभ्यात शिरते आणि पॉलिशनंतरही बरेचसे टिकते. याच जीवनसत्त्वाअभावी होणाऱ्या बेरीबेरीचा जावा बेटावर माग काढणाऱ्या आईकमन यांना १९२९ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

गॅमा-ओरिझॅनॉलचे तसे नाही. १९५४ साली जपानमध्ये कोंड्याच्या तेलातून वेगळे केलेले हे द्रव्य म्हणजे फेरुलिक आम्ल व वनस्पतिजन्य स्टेरॉल यांच्या एस्टरांचे मिश्रण. ते आतड्यातील कोलेस्टेरॉलचे शोषण कमी करते. मात्र ते पाण्यात नव्हे, तेलात विरघळते. आणि उकडताना तेल उलट कोंड्याकडेच सरकते. मग गिरणीत ते कोंड्याबरोबरच निघून जाते. पांढराशुभ्र उकडा तांदूळ या बाबतीत रिताच! आपल्या खाजणातील कोरगुटाचा तांबडेपणाही कोंड्यातच असतो.

कोंड्याच्या तेलात ओरिझॅनॉल असते खरे, परंतु अल्कलीने शुद्ध केलेल्या तेलातून त्याचा बहुतांश भाग जातो. माणसांवरील चाचण्यांत या तेलाने एलडीएल माफक उतरते. रक्तशर्करेवरील ओरिझॅनॉलच्या परिणामाचा पुरावा मुख्यतः उंदरांवरचा आहे.

तान्ह्या मुलाच्या पेजेत कोंडा मुळीच मिसळू नये. त्यातील फायटेट लोह अडवते, शिवाय दाण्यातील आर्सेनिकही कोंड्यातच अधिक साठते. शाळकरी लठ्ठ मुलांना मी कमी पॉलिशचा तांबूस उकडा सुचवतो, तोही मोजूनच.