भागीदार हवा, पण कशासाठी?

"पोरगं म्हणतंय, मित्राबरोबर कंपनी काढतो. काढू द्यावी का?" असं विचारणाऱ्या आई-वडिलांना पाहुण्यारावळ्यांतली एखादी मोडलेली भागीदारी आठवत असते. मुलाला मात्र मित्राच्या सोबतीचा धीर वाटत असतो. दोघांनीही आपल्या कोल्हापूरच्याच 'प्रभात'कडे बघावं.

1 जून 1929 रोजी प्रभात फिल्म कंपनी सुरू झाली ती पाच जणांची. दामले, फत्तेलाल, शांताराम आणि धायबर हे बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत एकत्र राबलेले. सीतारामपंत कुलकर्णी भांडवल घेऊन आले. शांतारामांकडे दिग्दर्शन, धायबरांकडे कॅमेरा, फत्तेलालांकडे कलादिग्दर्शन, तर बोलपट आल्यावर दामल्यांकडे ध्वनी. मैत्री होतीच, पण प्रत्येकाचं काम वेगळं होतं आणि ते एकमेकांनी आधी पारखलेलं होतं. 1932 साली 'अयोध्येचा राजा' हा बोलपट याच कंपनीने काढला.

पुढे धायबर बाहेर पडले. 1942 मध्ये शांतारामही गेले आणि त्यांनी 'राजकमल' ही स्वतःची कंपनी उभी केली. चांगल्या भागीदारीतूनही माणसं जातात. म्हणून जाण्याची वाट पहिल्याच दिवशी ठरवावी.

मुलांनो, आधी कागदावर लिहा: माल बनवणं, विकणं, हिशेब, यातलं मला काय येत नाही? जे येत नाही ते पगारी माणसाकडून होत असेल, तर भागीदार कशाला? होत नसेल, तर त्या कामाचा माणूस शोधा. दोघेही प्रोग्रामिंगच करणारे असाल, तर विकणार कोण? हिस्सा ठरवण्याआधी एखादी छोटी ऑर्डर मिळून पुरी करून बघा.

पालकांनो, 'घरचाच पोरगा आहे, लिहायचं काय त्यात' असं म्हणू नका. करारात काही ठरलं नसेल, तर 1932 चा भागीदारी कायदा नफा-तोटा समान धरतो. मग एक जण दिवसरात्र राबो आणि दुसरा फक्त रविवारी येवो. शिवाय फर्मचं कर्ज भागीदारांच्या घरादारापर्यंत पोहोचू शकतं. ती जोखीम मर्यादित ठेवायला एलएलपी (मर्यादित दायित्वाची भागीदारी) किंवा प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे. एकट्यालाही 2013 च्या कायद्याने एक व्यक्ती कंपनी काढता येते, फक्त त्यातही नॉमिनी म्हणून दुसऱ्याचं नाव द्यावं लागतं.

तेव्हा मुलाला 'काढू नको' म्हणण्यापेक्षा एवढंच विचारा: "तो उद्या सोडून गेला, तर त्याचा हिस्सा कुणाचा?" उत्तर लिहून आणलं, तर खुशाल सही करू द्या.