वहीतली कोवळी नावं

जून २००८ मध्ये राजस्थान रॉयल्सने पहिलंवहिलं आयपीएल जिंकलं, तेव्हा अमरावतीहून बदली होऊन मला जयपुरात जेमतेम वर्ष झालं होतं. शहर अजून अंगवळणी पडायचं होतं. पण त्या रात्री कॉलनीत ढोल वाजले आणि मीही शेजाऱ्यांसोबत रस्त्यावर उतरलो. त्याच हिवाळ्यात आमची लीग सुरू झाली. कल्पना न्यू जर्सीतल्या भाच्याची. १९६२ मध्ये ओकलंडच्या अमेरिकन फुटबॉल संघाचे एक भागीदार बिल विंकेनबाख यांनी दोस्तांबरोबर कागदावरचे संघ मांडण्याचा खेळ काढला. त्याचाच तिकडे एक प्रकार आहे, 'डायनेस्टी'. एकदा घेतलेला खेळाडू वर्षानुवर्षं तुमचाच, आणि दरवर्षी नव्याने वाटून घ्यायची ती फक्त कॉलेजातून वर येणारी पोरं.

आम्ही ते क्रिकेटला लावलं. आठ जण, आठ संघ, प्रत्येकी अठरा खेळाडू. त्यातल्या चार जागांना आम्ही 'अंकुर' म्हणतो. तिथे आयपीएलचा एकही सामना न खेळलेलाच खेळाडू ठेवायचा. गेल्या मोसमात शेवटी आलेल्याला निवडीचा पहिला हक्क. पैसा कधीच लावला नाही, त्यामुळे ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने पैशांचे ऑनलाइन खेळ बंद झाले तेव्हा आमच्या वहीला धक्काही लागला नाही. शेवटच्या क्रमांकावर येणाऱ्याने सगळ्यांना दाल-बाटी-चुरमा घालायचा, एवढीच अट. सतरा मोसम झाले. त्यांतून मला जे उमगलं ते असं.

१. आपला माणूस म्हणून निवडलेला खेळाडू आपण नीट बघतच नाही. पहिल्याच निवडीत मी स्वप्निल अस्नोडकरचं नाव घेतलं. गोव्याचा बुटका सलामीवीर, २००८ मध्ये ९ सामन्यांत ३११ धावा. परमुलखात नव्याने राहायला आलेल्या मला तो घरचा वाटायचा. पुढच्या वर्षी स्पर्धा दक्षिण आफ्रिकेत गेली, चेंडू छातीपर्यंत उसळायला लागले आणि त्याच्या पूर्ण मोसमात शंभरही धावा झाल्या नाहीत. दोष त्याचा नव्हता. सवाई मानसिंग स्टेडियमवर त्याने जे केलं ते खरंच होतं. उसळता चेंडू तो कसा खेळेल हा प्रश्न मी स्वतःला विचारलाच नव्हता, कारण मला उत्तर नको होतं. तीन वर्षं मी त्याला संघात ठेवलं.

२. धावफलक पोराबद्दल फार थोडं सांगतो. सुरुवातीला मी १९ वर्षांखालच्या सामन्यांचे आकडे उतरवून काढायचो. मग एका डिसेंबरात मानसरोवरच्या के. एल. सैनी मैदानावर जायला लागलो. सकाळी धुकं असतं, खेळ उशिरा सुरू होतो, प्रेक्षक म्हणजे चार आई-बाप आणि चहाची किटली घेऊन फिरणारा एक पोरगा. त्या रिकामपणात खूप दिसतं. चेंडू सोडताना बॅट शरीराच्या आत येते की बाहेरच लटकत राहते. चौकार गेल्यावर पोरगा लगेच दुसरा मारायला जातो की शांतपणे क्रीजवर परत येतो. साथीदाराच्या चुकीने धावबाद झाल्यावर त्याच्याकडे बघतो का. एकदा ७८ धावा केलेला एक मुलगा मी पाहिला. त्यातल्या निम्म्या स्लिपच्या डोक्यावरून गेल्या होत्या. दुसऱ्याने २२ केल्या, पण डावखुऱ्या फिरकीला पुढे येऊन असा काही खेळला की मी चहा विसरलो. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात पहिल्याचं नाव होतं. तेव्हापासून वहीत मी धावा शेवटच्या रकान्यात लिहितो.

३. वयाबद्दल मला काहीही कळत नव्हतं. हे मला माझ्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने शिकवलं. तो नागपूरचा, लीगमधला दुसरा मराठी माणूस. २०१३ च्या निवडीत आम्ही सगळे १९-२० वर्षांच्या पोरांची नावं घेत होतो, आणि त्याने अंकुर जागेसाठी नाव घेतलं, प्रवीण तांबे. वय ४१, प्रथम श्रेणीचा एकही सामना नाही, सगळी हयात मुंबईच्या क्लब क्रिकेटमध्ये गेलेली. आम्ही हरकत घेतली. त्याने नियमांचा कागद पुढे सरकवला. "आयपीएल खेळलेला नसावा, एवढंच लिहिलंय. वय कुठं लिहिलंय?" त्याच वर्षी चॅम्पियन्स लीगमध्ये तांबेने ५ सामन्यांत १२ बळी घेतले, आणि मे २०१४ मध्ये कोलकात्याविरुद्ध हॅटट्रिक. पुढे त्याच्यावर सिनेमाही आला.

खरं तर हे मला आधीच कळायला हवं होतं. २०१०-११ मध्ये राजस्थानने प्लेट गटातून येऊन पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला, त्याचा कर्णधार पुण्याचा हृषीकेश कानिटकर होता, ३६ वर्षांचा. पुढच्या वर्षी त्याने करंडक पुन्हा जिंकला. ज्या मोसमाच्या पहिल्या सामन्यात दीपक चहरने पदार्पणात १० धावांत ८ बळी घेऊन हैदराबादला २१ वर गुंडाळलं, तो २०१०-११ चाच मोसम. आम्ही सगळे चहरकडे धावलो. त्या कोवळ्या पोराच्या मागे उभा राहून क्षेत्ररक्षण लावणारा माणूस मला दिसलाच नाही.

४. अंकुर किती वर्षं सांभाळायचा याला माप नाही. चहर माझ्याकडे आला होता. दुखापती, संघाबाहेर बसणं, पुन्हा दुखापती. तीन वर्षांनी मी त्याचं नाव खोडलं. आयपीएलमध्ये तो खऱ्या अर्थाने दिसला २०१८ मध्ये, चेन्नईकडून.

५. माझी सगळ्यात मोठी चूक कंटाळ्यातून झाली. रियान पराग माझ्याकडे २०१९ पासून. सतराव्या वर्षी आयपीएलमध्ये अर्धशतक करणारा आसामचा मुलगा. मग २०२२ मध्ये १७ सामन्यांत १८३ धावा, २०२३ मध्ये ७ सामन्यांत ७८. लोक त्याला नावं ठेवायचे, आणि ती ऐकून ऐकून मीही त्याच्याकडे त्यांच्याच नजरेने बघायला लागलो. लीगमध्ये एक जौहरी आहेत, जौहरी बाजाराच्या एका गल्लीत त्यांची पन्न्याची गादी. जून २०२३ मध्ये मी तिथे गेलो आणि परागच्या बदल्यात त्यांचा एक अनुभवी फलंदाज मागितला. ते तेव्हा काम करत होते. पांढऱ्या कागदाची पुडी उघडलेली, चिमट्यात वाटाण्याएवढा पन्ना, आणि खिडकीच्या उजेडात तो सावकाश फिरवणं चाललेलं. मलाही दाखवला. आत बारीक रेषा होत्या, शेवाळासारख्या. मी म्हणालो, यात तर डाग आहेत. ते म्हणाले, "साफ पन्ना दिखे तो पहले शक होता है, भाईसाब." मग पुडी मिटली आणि सौद्याला होकार दिला.

चार महिन्यांनी सय्यद मुश्ताक अली स्पर्धेत परागने सलग सात अर्धशतकं ठोकली. २८ मार्च २०२४ ला इथेच, आमच्या स्टेडियमवर, दिल्लीविरुद्ध ४५ चेंडूंत नाबाद ८४, त्यात नॉर्कियाच्या शेवटच्या षटकात २५. मोसमात ५७३ धावा. मी त्या रात्री स्टँडमध्ये होतो आणि टाळ्या वाजवत होतो, पण छातीत काहीतरी अडकलं होतं. पाच वर्षं मी त्याचे वाईट दिवस सांभाळले आणि चांगल्या दिवसांच्या उंबरठ्यावर त्याला दुसऱ्याच्या हाती दिलं. जौहरींनी मला कधी ते बोलून दाखवलं नाही. त्यांच्या वहीत परागच्या नावापुढे एकच खूण आहे, घेतल्याची तारीख.

६. जे रोज बघतात त्यांच्या निर्णयात आपल्याला न दिसलेलं काहीतरी असतं. यशस्वी जैस्वालबाबत हे शहाणपण मला सुचलं, तेही उशिरा. रॉयल्सने त्याला २ कोटी ४० लाखांना घेतलं, त्यानंतर २०२० च्या १९ वर्षांखालील विश्वचषकात तो स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला, म्हणून मीही घेतला. पहिल्या मोसमात ४० धावा, दुसऱ्यात २४९. मी त्याला सोडायच्या बेतात होतो. नोव्हेंबर २०२१ च्या अखेरीस बातमी आली की सॅमसन आणि बटलरबरोबर रॉयल्सने तिसरा म्हणून जैस्वालला ४ कोटींना राखलं. २४९ धावांवर? मग आठवलं, नागपूरजवळ तळेगावला रॉयल्सचं सरावकेंद्र आहे आणि हा मुलगा तिथे तासन्‌तास फलंदाजी करतो. ते तास माझ्या आकड्यांत नव्हते. मी हात आवरला. २०२३ मध्ये वानखेडेवर १२४, कोलकात्यात १३ चेंडूंत अर्धशतक, मोसमात ६२५ धावा. याचं श्रेय मी घेत नाही, पण त्या एका रात्री सोडायचा कागद फाडला याचं मला अजून बरं वाटतं.

७. 'माझा खेळाडू' हा शब्द जपून वापरावा. नोव्हेंबर २०२५ मध्ये संजू सॅमसन चेन्नईला गेला, आणि २००८ मध्ये कोवळ्या वयात इथूनच सुरुवात केलेला रवींद्र जडेजा परत आला. आमच्या लीगमध्ये जर्सी बदलल्याने काही बिघडत नाही. तरी त्या संध्याकाळी आमच्या गटावर कुणी काही लिहिलं नाही.

८. संघ टिकतो तो माणसांमुळे, हे मला २०२१ मध्ये कळलं. त्याआधीही एक वाईट काळ येऊन गेला होता. २०१४ ते २०१७ जयपुरात आयपीएलचा एकही सामना झाला नाही, त्यातली शेवटची दोन वर्षं तर रॉयल्सवर बंदीच होती. तेव्हा आम्ही आठ जण टीव्हीपुढे बसून दुसऱ्या गावांचे सामने बघायचो आणि वही चालू ठेवायचो. पण २०२१ ची गोष्ट वेगळी. ४ मे ला करोनामुळे आयपीएल मधेच थांबलं. त्याच्या पुढच्याच आठवड्यात, तांबेला निवडणारा माझा तो सहकारी गेला. सप्टेंबरात उरलेले सामने दुबईकडे सुरू व्हायची वेळ आली, तेव्हा त्याच्या संघाचं काय करायचं हे विचारायला आम्ही दोघे त्याच्या घरी गेलो. वहिनी आत निघून गेल्या. बारावीतली मुलगी बाहेर आली, हातात बाबांची वही. "काका, बाबांचा संघ मी चालवते. मला नियम सांगा." मी नियम सांगितले. तिला ते सगळे माहीत होते.

२०२४ च्या निवडीत तिची पाळी आली. त्याच जानेवारीत बिहारकडून मुंबईविरुद्ध एका मुलाने रणजी पदार्पण केलं होतं, वय १२ वर्षं, धावा १९ आणि १२. तिने त्याचं नाव घेतलं, वैभव सूर्यवंशी. आम्ही सगळ्यांनी तिला समजावलं. मीच सर्वांत जास्त. तो खेळायला लागेपर्यंत तुझी अंकुर जागा पाच-सहा वर्षं अडकून बसेल, असं म्हणालो. ती म्हणाली, "वय कुठं लिहिलंय, काका?" ती नियमांबद्दल बोलत होती. मला उठून बाहेर जावं लागलं.

पुढे चेन्नईत ऑस्ट्रेलियाच्या १९ वर्षांखालील संघाविरुद्ध ५८ चेंडूंत शतक, लिलावात रॉयल्सकडून १ कोटी १० लाख, एप्रिल २०२५ मध्ये जयपुरात पहिला सामना आणि पहिल्याच चेंडूवर षटकार. २८ एप्रिलला ती आणि मी एकत्र स्टेडियमवर गेलो. गुजरातने २०९ केल्या होत्या. दुसरीकडे जैस्वाल, माझा. इकडे सूर्यवंशी, तिचा. रशीद खानला षटकार मारून त्याने ३५ चेंडूंत शतक पूर्ण केलं तेव्हा तो १४ वर्षं ३२ दिवसांचा होता. मोठ्या पडद्यावर राहुल द्रविड व्हीलचेअरवरून उठून उभे राहिलेले दिसले. सगळं स्टेडियम ओरडत होतं. ती मात्र खाली मान घालून वहीत काहीतरी लिहीत होती. मी वाकून पाहिलं. बाबांच्या अक्षरात जुनं पान होतं, २०१३ चं, 'तांबे, ४१'. त्याच्या खाली तिने लिहिलं, 'सूर्यवंशी, १४'.

९. अजूनही मी सकाळी मैदानावर जातो. या डिसेंबरात एक मुलगा पाहिला, यष्टिरक्षक, सतराएक वर्षांचा. ९ धावांवर पायचीत झाला, बाहेर आला, हेल्मेट काढलं, आणि पॅड सोडायच्या आधी बॅटच्या कडेला लागलेला लाल डाग अंगठ्याने पुसत बराच वेळ बसला. मग किटलीवाल्या पोराला बोलावून दोन चहा घेतले आणि एक त्या पोरालाच दिला. वहीत त्याच्या नावापुढे मी लिहिलंय, 'डावा पाय फार लवकर पुढे पडतो. पुढच्या हिवाळ्यात पुन्हा बघणे.'